घरमालकांची बत्तीसची फोर्ड आणि माझा बीटा

मागच्या वेळी मी म्हटलं होतं की पुढची पोस्ट रेझोनन्सवर. ती आता थोडी पुढे ढकलतेय. मधल्या काळात घरमालकांच्या गॅरेजमध्ये माझ्या हातून एक चूक झाली, आणि ती नेमकी माझ्या पीएचडीच्या विषयातली. दुसऱ्या कुणाच्या विषयातली असती तर गपचूप विसरून गेले असते.

नव्याने वाचणाऱ्यांसाठी थोडक्यात: मी मिशिगनमध्ये मेकॅनिकल इंजिनिअरिंगमध्ये पीएचडी करतेय. विषय आहे ट्रकच्या ड्राइव्हलाइनमधलं पिळाचं कंपन. गिअरबॉक्समधून निघून मागच्या धुऱ्यापर्यंत जाणारा लांब फिरता दांडा तुम्ही ट्रकखाली पाहिला असेल. तो प्रोपेलर शाफ्ट. त्याच्या दोन्ही टोकांना जे सांधे असतात त्यांना आपल्याकडच्या गॅरेजमध्ये 'क्रॉस' म्हणतात. 'क्रॉस गेला' हे वाक्य ज्यांच्या घरी जुनी जीप होती त्यांना पाठ असेल. तर तो क्रॉस, हाच माझा विषय. चार वर्षं.

मी ज्यांच्या घरी वरच्या खोलीत भाड्याने राहते ते आजोबा चौऱ्याहत्तर वर्षांचे आहेत. (इथे सगळे एकमेकांना नावाने हाक मारतात. मला अजून जमत नाही, मी त्यांना 'सर' म्हणते आणि ते दर वेळी हसतात.) निवृत्त झाल्यापासून ते गॅरेजमध्ये एक हॉट रॉड बांधत आहेत. हॉट रॉड म्हणजे जुनी, बहुतेक वेळा १९२० किंवा ३० च्या दशकातली अमेरिकन गाडी घ्यायची, मडगार्ड वगैरे जड सामान उतरवायचं, ती जमिनीसरशी खाली बसवायची आणि आत तिच्या लायकीपेक्षा भलतंच मोठं इंजिन घालायचं. हा उद्योग मूळचा दक्षिण कॅलिफोर्नियाचा. तिथल्या कोरड्या पडलेल्या तळ्यांच्या सपाट जमिनीवर पोरं अशा गाड्या पळवायची. त्यांच्या क्लबांची संघटना १९३७ मध्ये झाली, आणि महायुद्धानंतर सैन्यातून परतलेल्या, हातात कसब असलेल्या तरुणांमुळे ते वेड देशभर पसरलं. 'हॉट रॉड' नावाचं मासिक जानेवारी १९४८ मध्ये निघालं.

या सगळ्यात मानाची गाडी म्हणजे १९३२ ची फोर्ड. सामान्य माणसाला परवडेल अशा किमतीत व्ही-आठ इंजिन देणारी ती पहिली गाडी: २२१ घन इंच, म्हणजे साधारण ३.६ लिटर, आणि ६५ हॉर्सपॉवर. आजोबांच्या फोर्डमध्ये मात्र इंजिन शेव्हरोलेचं आहे. शेव्हीने १९५५ मध्ये आणलेलं 'स्मॉल ब्लॉक' इतकं स्वस्त, आटोपशीर आणि मुबलक निघालं की फोर्डच्या गाड्यांमध्येही लोक तेच बसवायला लागले. कट्टर मंडळी अजून नाकं मुरडतात. आजोबांचं ३५० घन इंचाचं, म्हणजे ५.७ लिटरचं. त्याला जोडून तीन गिअरचा टर्बो-हायड्रामॅटिक ३५० हा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स. मागचा धुरा फोर्डचाच, 'नऊ इंची' म्हणतात तो.

आता इंजिन बसवणं. मला आधी वाटायचं की क्रेनने उचलायचं, खाली सोडायचं, बोल्ट मारायचे. खरं काम त्याच्या आधीचं. आजोबांनी एक तडा गेलेला, आतून रिकामा ब्लॉक भंगारातून आणला होता आणि तो चासीमध्ये लटकवून जागा ठरवली. पुढे रेडिएटर आणि पंखा, मागे लोखंडी पडदी. शेव्हीचा डिस्ट्रिब्युटर इंजिनच्या पाठीमागे असतो, तो नेमका त्या पडदीला भिडतो. म्हणजे इंजिन पुढे सरकवलं तर पंखा रेडिएटरला घासतो, मागे नेलं तर डिस्ट्रिब्युटर फिरवायला हात जात नाही. शेवटी पडदी कापून मागे खोल केली. मग ओळंबा सोडून मध्य काढायचा, माउंटना वेल्डिंगचे नुसते टाके मारायचे, पुन्हा मोजायचं, आणि सगळं जमल्यावरच पूर्ण वेल्ड.

गिअरबॉक्स जोडताना मी हाताखाली होते. ऑटोमॅटिकमध्ये क्लच प्लेटच्या जागी टॉर्क कन्व्हर्टर असतो, भोपळ्यासारखा गोल. तो गिअरबॉक्सच्या तोंडात घालून फिरवत फिरवत आत ढकलायचा. आतल्या खाचा एकेक करून जुळतात आणि खट्, खट् असा आवाज येतो. सगळे खटके आले की तो पुरता बसला. मग गिअरबॉक्स ब्लॉकला लावायचा, आणि तो हाताने ढकलून सपाट टेकला पाहिजे. टेकत नसेल तर बोल्ट आवळून ओढायचा मोह होतो. तसं केलं की पूर्ण न बसलेला कन्व्हर्टर आतल्या ऑइल पंपावर दाबला जातो आणि गाडी सुरू व्हायच्या आत पंप फुटतो. बरोबर बसला असेल तर कन्व्हर्टर आणि फ्लेक्सप्लेट यांच्यात सुमारे एक अष्टमांश इंचाची, म्हणजे तीन मिलिमीटरची फट राहते. बोल्ट लावताना तो तेवढाच पुढे येतो. आजोबांनी ही फट मला तीनदा मोजायला लावली.

गाडी गेल्या उन्हाळ्यात रस्त्यावर आली आणि ताशी ६० मैलांच्या पुढे थरथरायला लागली. सत्तरला तर बसायच्या बाकापासून दातांपर्यंत सगळं झिणझिणायचं. गिअरबॉक्सच्या शेपटातलं मागचं ऑइल सील गळायला लागलं, आतला बुश झिजला. दोन्ही बदलले. दीड महिन्यात पुन्हा तेच. ही नुसती गैरसोय नाही. गरम एक्झॉस्टजवळ तेल ठिबकणं वाईटच. त्याहून वाईट म्हणजे शाफ्टचा पुढचा क्रॉस वेगात तुटला तर ते टोक खाली रस्त्यात रुतू शकतं आणि गाडी त्यावर उचलली जाऊ शकते. म्हणून शहाणी माणसं शाफ्टभोवती एक पोलादी कडं लावतात. आजोबांनीही लावलंय. पण त्यांना बायकोला घेऊन ऑक्टोबरमध्ये तिच्या बहिणीकडे जायचं होतं, तीनशे मैल. आजींनी स्वच्छ सांगितलं की त्या डब्यात मी बसणार नाही.

मग आजोबा जिन्याच्या खाली उभे राहून म्हणाले, "तू तर ह्याच विषयात डॉक्टर होतेयस ना?"

आता थोडं शास्त्र. घड्याळाची गोल तबकडी डोळ्यासमोर सरळ धरा. काटा सारख्या गतीने फिरतोय. आता तबकडीची वरची कड मागे झुकवा. वर्तुळ चपटं दिसायला लागतं. काटा बारा, तीन, सहा, नऊ इथे योग्य जागीच दिसतो, पण मधल्या आकड्यांना तो जिथे असायला हवा त्याच्या थोडा पुढे किंवा मागे दिसतो. म्हणजे एका फेरीत तो दोनदा जलद आणि दोनदा सावकाश जातोय असं वाटतं. क्रॉसमध्ये हे नुसतं 'वाटत' नाही, खरंच घडतं. दोन दांडे एकमेकांशी कोन करून जोडले असतील तर पहिला अगदी एकसारखा फिरला तरी दुसरा प्रत्येक फेरीत दोनदा पुढे पळतो, दोनदा मागे राहतो. सोळाव्या शतकातल्या कार्डानोचं नाव या सांध्याला चिकटलंय, आणि तो सारख्या गतीने फिरत नाही हे सतराव्या शतकात रॉबर्ट हूकला ठाऊक होतं. हो, स्प्रिंगच्या नियमवाला हूक.

किती फरक पडतो? कोन ६ अंश असेल आणि गिअरबॉक्स ३००० आरपीएमने शाफ्ट फिरवत असेल, तर शाफ्टची गती सुमारे २९८४ ते ३०१६ यांच्यात झुलते. अर्धा टक्का. ऐकायला काहीच नाही. पण ही झुलणी सेकंदाला शंभर वेळा होते, आणि त्यासाठी लागणारा कोनीय प्रवेग कोनाच्या वर्गाने वाढतो. ३ अंशांना साधारण २७० रेडियन प्रति सेकंद वर्ग, ६ अंशांना १०८०, १० अंशांना ३०००. ड्राइव्हलाइनवाले साधारणपणे ३०० च्या आत राहायला बघतात.

मग गाड्या चालतात कशा? दुसऱ्या क्रॉसमुळे. पुढच्याने जी चढउतार घातली ती मागचा उलटी करून काढून टाकतो, पण दोन अटींवर. शाफ्टच्या दोन्ही टोकांचे काटे एका रेषेत हवेत, आणि दोन्ही सांध्यांचे कोन सारखे हवेत. सोपं करून सांगायचं तर गिअरबॉक्सचा अक्ष आणि मागच्या पिनियनचा अक्ष एकमेकांना समांतर हवेत. गिअरबॉक्स मागे ३ अंश उतरता असेल तर पिनियनचं नाक ३ अंश वर. दोन्ही कोन शून्य ठेवावेत असंही नाही. क्रॉसच्या आतल्या सुया (नीडल बेअरिंग) थोड्या तरी फिरायला हव्यात, नाहीतर एकाच जागी दाबून खड्डे पाडतात. अर्धा-एक अंश तरी लागतोच.

इथे १९३२ ची मूळ फोर्ड आठवावी लागते. तिच्यात उघडा शाफ्ट नव्हताच. शाफ्ट एका जाड नळीत बंद, ती नळी मागच्या धुऱ्याला घट्ट, आणि सांधा फक्त एक, गिअरबॉक्सच्या मागे. धुऱ्याचा धक्का त्या नळीतूनच पुढे चासीला जायचा. मागचा कोन नावाची गोष्ट अस्तित्वातच नव्हती. फोर्डने १९४९ च्या मॉडेलपासून उघडा शाफ्ट आणला. तेव्हा हॉट रॉडवाला जुनी नळी काढून शेव्हीचा गिअरबॉक्स आणि नऊ इंची धुरा बसवतो, तेव्हा कारखान्यात कुणीतरी कागदावर ठरवून टाकलेले कोन आता त्याला स्वतः ठरवावे लागतात. मॅन्युअल नाही, ड्रॉइंग नाही. लोक हॉर्सपॉवरबद्दल तासन्‌तास बोलतात, कोनांबद्दल कुणी चकार शब्द काढत नाही. हे माझं मत आहे, आणि मी पक्षपाती आहे.

आमच्याकडे साताऱ्याला बाबांच्या मित्राने पेट्रोलच्या विलीज जीपमध्ये डिझेल इंजिन घातलं होतं. पुष्कळांनी घातली तेव्हा. जीपचा मागचा शाफ्ट आखूड, त्यामुळे इंच-दीड इंच वरखाली झालं तरी कोन भसकन वाढतो. काका दर पावसाळ्यात क्रॉस बदलायचे आणि पार्टवाल्याला शिव्या द्यायचे. पार्टवाल्याचा दोष नसावा असं आता वाटतं. (आणि नाही, हे वाचून कुणी घरी सुरू करू नका. आपल्याकडे १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आहे. आरसी बुकातल्या तपशिलाशी न जुळणारा बदल परस्पर करता येत नाही.)

तर माझी चूक. मी लॅबमधून डिजिटल कोनमापक आणला. आजोबांनी गाडी चासीखाली स्टँड देऊन उंच करून ठेवली होती, चाकं लोंबकळत. मी खाली सरपटत गेले आणि दशांशाच्या दोन घरांपर्यंत आकडे वहीत घेतले. पुढचा कोन २, मागचा ४. दोन कोन वेगळे असतील तर त्यांच्या वर्गांच्या फरकाचं वर्गमूळ हा उरलेला कोन. इथे सुमारे साडेतीन अंश. ३००० आरपीएमला ३६० च्या आसपास. थोडं जास्त, पण दात झिणझिणण्याइतकं नाही. मी ऐटीत जाहीर केलं की कोन ठीक आहेत, शाफ्ट असंतुलित असणार.

शाफ्ट काढला, दुकानात बॅलन्स करून आणला, परत बसवला. दोन शनिवार-रविवार आणि आजोबांचे बरेच डॉलर. काही फरक नाही.

तेव्हा कुठे मी ते केलं जे सगळ्यात आधी करायला हवं होतं: कंपन मोजलं. फोनमधला सेन्सर इथे चालत नाही. तो सेकंदाला बऱ्याचदा शंभरेकच नमुने घेतो, शंभर हर्ट्झचं कंपन त्याच्या हाती लागत नाही. लॅबचा अ‍ॅक्सेलरोमीटर गिअरबॉक्सच्या शेपटावर चिकटवला आणि आम्ही हायवेला गेलो. मागचा धुरा ३.५० चा आणि टायर २८ इंचांचे, म्हणजे ७० मैलांना शाफ्ट जवळपास ३००० आरपीएम, सेकंदाला ५० फेऱ्या. या एका आकड्यावरून गुन्हेगार ओळखता येतो. चाकाचा दोष १४ हर्ट्झच्या आसपास दिसेल. शाफ्ट असंतुलित असेल तर फेरीला एकदा, ५० वर. क्रॉसचा कोन चुकला तर फेरीला दोनदा, १०० वर. आणि आठ सिलिंडरच्या इंजिनचे ठोके फेरीला चार, २०० वर. (टॉप गिअर एकास एक आहे म्हणून इंजिनही ३००० वरच.) आलेख उघडला. शंभरवर नुसता सुळका. पन्नासवर जेमतेम उंचवटा.

मी लॅपटॉप आजोबांसमोर धरला. मला वाटलं चिडतील. ते म्हणाले, "तू मोजलंस तेव्हा गाडी उभी होती का?"

नव्हती. लोंबकळत होती. ही गाडी खाली बसवलेली आहे. चाकांवर उतरवली, टाकी भरली, दोघं आत बसलो की चासी खाली येते, म्हणजे तिच्या मानाने धुरा वर जातो. आम्ही पुन्हा मोजलं, या वेळी गाडी चाकांवर, आत मी आणि वाळूच्या गोण्या, खाली आजोबा. शाफ्ट जवळपास ४ अंशांनी फिरला होता आणि आता मागच्या बाजूला चढत होता. पुढचा कोन ६. मागचा शून्य. दुरुस्ती करणारं काहीच नाही. आणि मागचा शून्य का, तर आजोबांनी धुरा वेल्ड करताना पिनियनचं नाक सरळ गिअरबॉक्सकडे रोखलं होतं. डोळ्याला ते बरोबर दिसतं. सरळ रेषा कुणालाही बरोबरच वाटते. पण त्याने सगळा कोन एकट्या पुढच्या क्रॉसवर पडतो. बुश का झिजत होता तेही कळलं: कोनातला सांधा नुसता फिरवत नाही, दांड्याला आडवा वाकवायलाही बघतो, आणि ६ अंशांना तो जोर टॉर्कच्या सुमारे एक दशांश असतो, दर फेरीत दोनदा.

माझ्या मॉडेलमध्ये हा कोन म्हणजे 'बीटा' हे एक अक्षर आहे. पहिल्या ओळीत किंमत द्यायची आणि पुढे दोनशे ओळी ती बदलत नाही. खऱ्या गाडीत बीटा पेट्रोल भरलं की बदलतो, आजी शेजारी बसल्या की बदलतो, अ‍ॅक्सेलरेटर दाबला की बदलतो. मला हे ठाऊक होतं. परीक्षेत विचारलं असतं तर पैकीच्या पैकी मिळाले असते.

दुरुस्तीत नुसतं पिनियन वर करून भागणार नव्हतं. ते ३ अंश वर केलं असतं तर कोन जुळले असते, ६ आणि ६, पण मधला शाफ्ट तरीही तेवढाच झुलत राहिला असता, त्याचा स्वतःचा भार बेअरिंगवर. म्हणून गिअरबॉक्सचं शेपूट इंचभर उचललं. त्याचा उतार ३ वरून १ वर आला आणि पुढचा कोन ४ झाला. इंजिनच्या उताराच्या हिशोबानेच मॅनिफोल्डवरची कार्ब्युरेटरची बैठक घडवलेली असते. उतार कमी झाल्यावर कार्ब्युरेटर वाकडा बसला, त्याच्याखाली पाचरीसारखा स्पेसर आला. शेपूट वर आलं म्हणून फरशीचा पत्रा कापावा लागला. हे आजोबांना सगळ्यात झोंबलं, कारण वरचा गालिचा त्यांनी नुकताच हाताने शिवला होता. मागे स्प्रिंगच्या बैठका कापून धुरा फिरवला आणि पुन्हा वेल्ड केला. थोडं वेल्ड, थांब, गार होऊ दे, मग दुसऱ्या बाजूला. एकदम उष्णता दिली तर धुऱ्याची नळी वाकते. पिनियनचं नाक मुद्दाम समांतरापेक्षा एक अंश खाली ठेवलं, कारण जोर लागला की पानाच्या स्प्रिंगा पिळवटतात आणि ते आपोआप वर येतं. उभ्या गाडीत आता पुढे ४, मागे ३. हिशोबाने २१० च्या आसपास, जोर लागल्यावर त्याहून कमी.

मागच्या रविवारी पुन्हा हायवेला गेलो. शंभरवरचा सुळका शोधावा लागतोय. आता आलेखात सगळ्यात उंच दिसतं ते पन्नासवरचं, म्हणजे बॅलन्सचे पैसे अगदीच वाया गेले असं नाही, किंवा पुन्हा बॅलन्स करायला हवा, दोन्ही अर्थ निघतात. सील महिनाभर कोरडं आहे. आजी पहिल्यांदा गाडीत बसल्या, वीस मैल फिरून आल्या आणि म्हणाल्या की पायाखाली हा उंचवटा कसला आलाय, माझे गुडघे कुठे ठेवू?